ताजनापेठेतलं हेलिकॉप्टर

राजापेठेत गौरांगचा फिजिक्सचा क्लास पहिल्या मजल्यावर होता आणि संध्याकाळी मुलांच्या चपला थेट जिन्यापर्यंत येत. फिरणाऱ्या वस्तूंचा धडा तो असा शिकवायचा की दुसऱ्या क्लासची मुलंही त्या दिवशी येऊन मागे बसायची. त्यामुळे चाळिशी ओलांडल्यावर त्याने रिमोटवर उडणारं हेलिकॉप्टर मागवलं, तेव्हा त्याच्या बायकोला, अबोलीला, फारसं नवल वाटलं नाही. आजवर फळ्यावर शिकवलं ते आता हवेत करून पाहील, एवढंच तिला वाटलं.

हेलिकॉप्टर दीड हात लांब होतं. त्याच्याबरोबर गौरांगने परदेशी हत्यारंही मागवली. त्यात पात्याचा कोन आकड्यात दाखवणारं एक डिजिटल यंत्र होतं, ते त्याच्या विशेष आवडीचं. पण हेलिकॉप्टर काही त्याला दाद देईना. जमिनीपासून वीतभर उचललं की ते थरथरायचं आणि डावीकडे सरकत सरकत भिंतीकडे जायचं. तीन महिने असे गेले. शेवटी त्याने विदर्भातल्या हौशी लोकांच्या मोबाइल ग्रुपवर त्याचा व्हिडिओ टाकला. तासाभरात अकोल्याहून एक आवाजी निरोप आला.

"सर, मी मोईज बोलून राहिलो, ताजनापेठेतून. तुमची चकती वाकडी हाय. व्हिडिओतच दिसून राहिली. आना एखाद्या रविवारी, पाहून घेऊ."

चकती म्हणजे पात्यांखाली दांड्यावर बसवलेली वाटोळी तबकडी. खालच्या तीन छोट्या मोटरी बारीक सळयांनी तिला हलवतात आणि तिच्यावरून पात्यांचा कोन ठरतो. ती सपाट नसेल तर बाकी सगळं बरोबर असून उपयोग नाही. हे गौरांगला ठाऊक होतं. आपली चकती सपाट आहे, हेही त्याला पक्कं ठाऊक होतं, कारण यंत्र तसं सांगत होतं.

तो अकोल्याला निघाला तेव्हा वडिलांना सोबत घेतलं. कमलाकांत गुरुजींनी एका शाळेत चौतीस वर्षं भूमिती शिकवली होती. आई गेल्यापासून ते घरात फार बोलत नसत. तसे ते आधीही मुलाशी फार बोलत नसत. क्लासच्या नोट्स पहिल्यांदा छापून आल्या तेव्हा गौरांगने त्या कौतुकाने त्यांच्या हातात दिल्या होत्या. संध्याकाळी त्यांनी त्या परत दिल्या, तीन ठिकाणी लाल खूण करून. 

मोईजचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान एका मोटारसायकलच्या रुंदीचं होतं. आत तेलाचा वास होता, भिंतीला मशीनची चाकं टांगलेली होती आणि त्या चाकांमध्येच त्याचं स्वतःचं, दोनदा जोडलेलं जुनं हेलिकॉप्टर लटकत होतं. मोईज पन्नाशीचा, किरकोळ अंगाचा. त्याने गुरुजींना स्टूल दिलं, गौरांगचं हेलिकॉप्टर टेबलावर घेतलं आणि खणातून आपली हत्यारं काढली. कंपासपेटीतला कोनमापक, त्याच्या मध्यातून ओवलेला दोरा आणि दोऱ्याला लोंबणारा नट. कोनमापकाला कपडे वाळत घालायचा चिमटा चिकटवलेला होता, पात्याला धरायला. नळाच्या पाइपाची कापलेली एक रिंग होती. जुन्या पकडीचं तोंड कानशीने घासून केलेला बारीक चिमटा होता. आणि दोन काचेचे ग्लास.

"ग्लास कशाला?" गौरांगने विचारलं.

"पाते तोलाले, सर. दोनी पाते एका सुईत ओवायचे, सुई दोन ग्लासांवर ठेवायची. जो पाता खाली जाईन तो जड. हलक्याले टेप लावायची."

मोईजने आधी दुसरा दोरा सोडून हेलिकॉप्टरचा दांडा ओळंब्यात आणला. एका पायाखाली आगकाडी सारली, मग दुसरी. मग पाइपाची रिंग दांड्यावरून खाली चकतीवर टेकवली. एका बाजूने रिंग आणि चकती यांच्यामध्ये उजेडाची फट दिसली.

"पाहा. वाकडी हाय."

"माझं यंत्र शून्य दाखवतं," गौरांग म्हणाला आणि डिजिटल यंत्र काढून पात्याला लावलं. अंक झळकले: शून्य.

गुरुजी स्टुलावरून उठले. त्यांनी चष्मा सारखा केला, वाकून दोऱ्याकडे पाहिलं, मग यंत्राकडे. "हे तू घरी शून्यावर कशावर आणलंस?"

"टेबलावर."

"कोणत्या? जेवणाच्या? त्याचा एक पाय आखूड आहे. तुझी आई खाली पुठ्ठा घालायची."

मोईज हसला नाही, हे त्यातल्या त्यात बरं होतं. पण गौरांगच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिरप्या टेबलावर शून्य धरलं तर पुढचं सगळं तिरपं येणार, हे त्याच्या क्लासमधल्या मागच्या बाकावरच्या मुलालाही कळलं असतं.

पुढचे दोन तास त्याला काही काम उरलं नाही. गुरुजी आणि मोईज एका कोनमापकावर डोकी टेकवून बसले.

"डोळा अगदी दोऱ्यासमोर ठेवा," गुरुजी म्हणाले. "बाजूनं पाहिलं की एक अंश चुकतो."

"हेच मी सर्वाइले सांगतो, गुरुजी! कोनी आयकतच नाई."

गुरुजी मोठ्याने हसले. गौरांगने ते हसू कितीतरी दिवसांनी ऐकलं, आणि ते ऐकून त्याला आनंद व्हायला हवा होता.

दुपारी मोईजने जवळच्या मोकळ्या मैदानात गौरांगचं हेलिकॉप्टर उडवलं. एका पात्याच्या टोकाला लाल टेप, दुसऱ्याच्या टोकाला निळी. फिरताना दोन रंगांच्या दोन रेघा दिसल्या तर एक पातं वर चालतंय; मग खाली उतरवून सळई अर्धा आटा फिरवायची. तिसऱ्या खेपेला दोन्ही रेघांची एक रेघ झाली. हेलिकॉप्टर डोक्याच्या उंचीवर जाऊन थांबलं. खुंटीला टांगावं तसं थांबलं. मोईजने रिमोट गौरांगच्या हातात दिला आणि तीन महिने भिंतीकडे पळणारं ते यंत्र गौरांगच्या हातातही शहाण्यासारखं उभं राहिलं.

"काय हात आहे या माणसाला!" गुरुजी म्हणाले. ते मोईजकडे पाहत होते. उडवत गौरांग होता.

परतीच्या वाटेवर बडनेऱ्यापर्यंत गुरुजी बोलत होते. मोईज दहावीनंतर शिकला नाही, पण त्याला भूमिती कशी आतून कळते. त्याने नटचं वजन कसं निवडलं. गौरांग "हो" म्हणत गाडी चालवत राहिला.

त्यानंतर महिन्यातून एकदा तरी गुरुजी विचारू लागले, "अकोल्याला कधी जायचं?" आणि दिवाळीनंतर एका सकाळी गौरांगने पाहिलं, तर ते खिडकीपाशी जाड कार्डशीट घेऊन बसले होते. कंपास, पट्टी, बारीक टोकाचं पेन. ते मोठा कोनमापक आखत होते, अर्ध्या अर्ध्या अंशाच्या खुणांचा. हात कापायचा, म्हणून एकेका रेघेला श्वास रोखून धरत होते. चार दिवस ते काम चाललं. मग त्यांनी अबोलीला सांगून त्यावर प्लास्टिक चढवून आणलं.

"बाबा, मस्त झालंय," गौरांग म्हणाला. आपल्यालाच असेल, असं त्याला क्षणभर खरंच वाटलं होतं.

"मोईजच्या कोनमापकावरच्या खुणा पुसल्या आहेत," गुरुजी म्हणाले. "त्याला दे पुढच्या वेळी."

गौरांगने तो दिला. मोईजने तो डोळ्यांना लावला आणि म्हणाला, "गुरुजीनं माह्यासाठी?" गौरांग म्हणाला, "हो, बाबांना वेळ असतो." एवढंच बोलून तो दुकानातून बाहेर आला आणि उगीचच गाडीची काच पुसत बसला.

जानेवारीत त्याने क्लासच्या मुलांसाठी बडनेरा रोडवरच्या एका मैदानात हेलिकॉप्टरचा कार्यक्रम ठरवला. धडा प्रत्यक्ष दाखवायचा, पालकही येतील. जेवताना घरी सांगितलं, तर गुरुजी लगेच म्हणाले, "मोईजलाही बोलाव. मुलांना खरं उडवणं दिसेल."

*खरं.* गौरांगने घास गिळला आणि मोईजला फोन लावला.

मोईज रविवारी सकाळी रेल्वेने येणार होता. गर्दीत हेलिकॉप्टर आणणं कठीण, म्हणून शनिवारी गौरांग गुरुजींना घेऊन अकोल्याला गेला आणि त्याचं हेलिकॉप्टर पुठ्ठ्याच्या खोक्यात मागच्या सीटवर ठेवून परत निघाला. मूर्तिजापूरच्या अलीकडे शेतातून एक ट्रॅक्टर अचानक रस्त्यावर चढला. गौरांगने जोरात ब्रेक दाबला. ट्रॅक्टर वाचला, पण मागे धप्प आवाज झाला.

त्याने गाडी कडेला घेतली. गुरुजींचं डोकं खिडकीला टेकलं होतं, डोळे मिटलेले. गौरांगने मागचं दार उघडून, खाली पडलेलं खोकं उचलून उघडलं. पाती ठीक होती. शेपटी ठीक होती. त्याने पुढचं टोपण काढून पाहिलं. चकतीला धरणारी एक सळई तिच्यावरच्या बारीक गोळीवरून निसटली होती आणि सळईच्या टोकाच्या प्लास्टिकच्या वाटीला केसाएवढी भेग गेली होती.

त्याने ती वाटी गोळीवर दाबली. टक् आवाज झाला, बसली. ओढून पाहिली. नेहमीपेक्षा सैल वाटली. टोपण लावल्यावर काहीच दिसत नव्हतं.

त्याने मोबाइल काढला. मोईजच्या दुकानात अशा वाट्यांची पुडी होती. उद्या येताना एक खिशात टाकली असती, दहा मिनिटांचं काम. त्याने मोईजचं नाव समोर आणलं आणि त्याकडे पाहत उभा राहिला. मग वाटलं, घरी गेल्यावर करू. घरी गेल्यावर वाटलं, मोईज उडवण्याआधी सगळं तपासतोच, त्यालाच दिसेल. रात्री तो शांत झोपला. हे त्याला नंतर फार छळत राहिलं.

रविवारी मैदानात दीडशे माणसं होती. दोरी बांधून मुलांना मागे ठेवलं होतं. गौरांगने आपलं हेलिकॉप्टर उचललं, थांबवलं, सावकाश एक चक्कर मारून उतरवलं. टाळ्या झाल्या. त्याने गुरुजींकडे पाहिलं. ते खुर्चीवर ताठ बसून मोईजच्या खोक्याकडे बघत होते.

मोईजने खोक्यातून हेलिकॉप्टर काढलं आणि पिशवीतून गुरुजींनी आखलेला कोनमापक. तेवढ्यात वारा सुटला. मुलं ओरडायला लागली, "काका, लवकर!" मोईजने आकाशाकडे पाहिलं, हातातल्या कोनमापकाकडे पाहिलं आणि गौरांगला विचारलं,

"सर, रस्त्यात काई आपटलं-बिपटलं त नाई ना?"

प्रश्न सरळ होता. मोईज त्याच्याकडे बघतही नव्हता. बॅटरीची वायर जोडत होता.

"नाही," गौरांग म्हणाला.

"मंग उडवूनच टाकतो. वारा वाढून राहिला." आणि मोईजने कोनमापक परत पिशवीत ठेवला.

पहिलं मिनिट हेलिकॉप्टर असं उडालं की मुलं टाळ्या वाजवायची विसरली. उलटं झालं, उलटंच थांबलं, परत सुलटं झालं. गौरांगच्या मनात आलं, काही होणार नाही, भेग बारीक होती. आणि त्याच वेळी मनाच्या तळाशी काहीतरी हिरमुसलं. ते त्याला स्पष्ट कळलं. काही होऊ नये, असं वाटणारा तो होता. आणि काहीच कसं होत नाही, असं वाटणाराही तोच.

दुमजली घराच्या उंचीवर हेलिकॉप्टर एकदम डावीकडे झुकलं. मोईजने रिमोटच्या दांड्या उलट्या ओढल्या. तरी ते झुकतच गेलं. पातं शेपटीवर आदळलं, करकर आवाज झाला आणि सगळं खाली आलं. एक तुटलेलं पातं दोरीवरून, मुलांच्या डोक्यांवरून सूं करत गेलं आणि मागे उभ्या असलेल्या स्कूटीचा आरसा फोडून जमिनीत घुसलं.

कुणाला लागलं नाही. एक बाई रडायला लागली. तिची मुलगी त्या स्कूटीपासून चार पावलांवर होती.

मोईज मातीत गुडघ्यांवर बसला होता. तुकडे गोळा करत होता आणि पालकांना हात जोडत होता. "माफ करा. माही चुकी झाली. मी तपासाले पायजे होतं. माही चुकी." गौरांग त्याच्या शेजारी बसून तुकडे वेचू लागला. ती वाटी त्याला सापडली, दोन शकलं झालेली. त्याने ती खिशात टाकली.

घरी येताना गाडीत दोघेच होते. गुरुजी समोर पाहतच म्हणाले, "मूर्तिजापूरला मी जागा होतो."

"मग तुम्ही का नाही बोललात?"

"तू सांगशील म्हणून थांबलो. काल संध्याकाळी थांबलो, आज सकाळी थांबलो. त्यानं तुला विचारलं तेव्हाही मी तिथंच होतो. दीडशे लोकांसमोर माझा मुलगा खोटा पडला असता. माझ्यानं उठवलं नाही. ती पोर चार पावलांवर होती, गौरांग. ते माझ्याही डोक्यावर आहे."

आयुष्यभर वडिलांनी आपली बाजू घ्यावी, असं त्याला वाटत आलं होतं. ती घेतली होती, आणि ती अशी घेतली होती. त्याला गाडी चालवणं अशक्य झालं. त्याने ती कडेला उभी केली.

पुढचे अकरा दिवस तो अकोल्याला गेला नाही. बाराव्या दिवशी मोईजचाच फोन आला. आवाज खालचा होता.

"सर, एक विचारू? तुमचं ते आकड्याचं यंत्र चार रोज देता का मले? नवं जोडतो म्हनलं. मी ते दोरे-बिरे फेकून देले. आपल्या जुगाडानं कोनाचं लेकरू मेलं असतं. आता हिंमत होत नाई."

गौरांगला हेच तर हवं होतं. त्या ग्लासांचं, चिमट्याचं, दोऱ्याचं कौतुक कुठेतरी संपावं, हे त्याने रोज मनात मागितलं होतं. आता ते मोईजच्या तोंडून ऐकताना त्याला घाम फुटला.

"मी येतो," तो म्हणाला आणि क्लास रद्द करून एकटाच निघाला.

दुकानात मोईज एका मशीनची शटल काढत होता. गौरांगने टेबलावर ती फुटलेली वाटी ठेवली.

"मूर्तिजापूरजवळ खोकं पडलं होतं. ही तेव्हाच तडकली. मी पाहिली होती. तुम्ही विचारलं तेव्हा मी खोटं बोललो."

मोईजने शटल खाली ठेवली. वाटीची दोन्ही शकलं बोटांनी जुळवून पाहिली.

"काहून?"

गौरांगने वाटेत कितीतरी वेगळी उत्तरं तयार केली होती. "बाबा तुमचं कौतुक करतात," तो म्हणाला. "मला सहन नाही झालं."

"बस? एवढ्यासाठी?" मोईज उठला. त्याचा आवाज चढला तसे शेजारचे दुकानदार डोकावले. "मले सांगतलं असतं त मी आलोच नसतो, सर! बारा दिवस झाले, मी नमाज पढतो त डोळ्यापुढं ती पोरगी येते. माह्यावाल्या हातावरून माहा भरोसा उठला. अन तुमी मालूम असून गप होते?" त्याने दाराकडे हात केला. "जा. आता काई बोलू नका. जा."

गौरांग गेला. स्कूटीवालीला त्याने आरसा बसवून दिला, त्या मुलीच्या आईला आणि क्लासच्या मुलांना खरं काय ते सांगितलं. त्या महिन्यात सात मुलांनी क्लास सोडला. तो कुणालाही थांबवायला गेला नाही.

गुरुजी मात्र अकोल्याला जात राहिले, आधी एकटेच एसटीने. त्यांनी मोईजला स्वतःचंही सांगितलं असणार, कारण पहिल्या खेपेला ते तासाभरातच परत आले आणि जेवले नाहीत. दुसऱ्या खेपेला संध्याकाळ झाली. उन्हं वाढल्यावर गौरांग म्हणाला, "मी सोडतो." तो त्यांना गल्लीच्या तोंडाशी उतरवायचा आणि गाडी निंबाखाली लावून आतच बसायचा. तिथून दुकान दिसत नव्हतं, पण कधीकधी गुरुजींचं हसू ऐकू यायचं.

मे महिन्यात एकदा काचेवर टकटक झालं. मोईज उभा होता, खांद्यावर ओला पंचा.

"गुरुजी म्हंतात, गाडीत उकडून मरन तो," मोईज म्हणाला. चेहऱ्यावर हसू नव्हतं. "आत या. पन मशीनले हात लावू नका."

टेबलावर नवं हेलिकॉप्टर होतं, अर्धवट जोडलेलं. गुरुजी आणि मोईज लगेच पुन्हा कोनमापकावर वाकले. कोन सहा की साडेसहा, यावर दोघांची जुंपली होती. गौरांगला बसल्या जागेवरून दिसत होतं की दांडा ओळंब्यातून किंचित ढळलाय, म्हणून दोघांचे आकडे जुळत नाहीत. दोघांची डोकी जवळ होती. गुरुजींचा हात मोईजच्या खांद्यावर होता. गौरांगच्या छातीत तीच जुनी कळ उठली, जशीच्या तशी, काही कमी न होता.

"दांडा पाहा," तो म्हणाला. "उजवीकडे कललाय."

मोईजने वर पाहिलं नाही. त्याने दोरा धरला, डोळा समोर आणला आणि आगकाडीची पेटी शोधू लागला.

"हाव," थोड्या वेळाने तो म्हणाला. "कललाय."

गौरांग उठला आणि कोपऱ्यावरच्या टपरीवर तीन चहा सांगायला गेला.